न तुटलेली वीट

वीट पास झाली. पण तसं काही घडलंच नाही असं समजून पुढे जाऊ. चाचणीघराच्या नोंदवहीनेही तेच केलंय.

वीट थोरलीची होती, पेंढ्याची. तिला घरात थोरली म्हणत, पाठीवर कुणी नव्हतं तरी. बाबा दोन वर्षं स्वयंपाकघरात फ्रिजला पाय लावून झोपत होते. त्यांच्यासाठी गच्चीवर खोली हवी होती, आणि गच्चीला मातीच्या विटांचं ओझं झेपणारं नव्हतं. पेंढ्याची वीट हलकी. फक्त ती मजबूत असल्याचा दाखला हवा होता.

बाबांनी जन्मभर गवंडीकाम केलेलं. "खोली बांधतेयस की गंजी रचतेयस?" ते विचारायचे. पहिल्या तीन खेपांच्या विटांचा हातात घेताच भुगा झाला, तेव्हा ते दोन घास जास्त जेवले. चौथ्या खेपेला मात्र त्यांना राहवेना.

"एवढा बारीक कापू नकोस. पेंढा बोटभर लांब ठेव. आणि आधी चुन्याच्या पाण्यात मुरू दे," ते फ्रिजकडे बघत म्हणाले. जणू सल्ला फ्रिजला होता.

चाचणीघरातल्या साहेबांनी त्या खेपेची वीट यंत्रात दाबली. तुटेना. आणखी दाबली. अर्धी झाली, मग वहीएवढी पातळ झाली, पण चीर म्हणून नाही. दाब काढल्यावर ती आळोखेपिळोखे देत पुन्हा वर आली.

"आता?" थोरलीने विचारलं.

"फॉर्मवर एकच रकाना आहे, ताई. किती भाराला तुटली."

"तुटलीच नाही."

"म्हणून तर चाचणी अपूर्ण."

"पण लागतो तेवढा भार तिने घेतला ना?"

"केव्हाच. माझ्या डोळ्यांदेखत. पण डोळ्यांना रकाना नाही."

घरी बाबांनी वीट उलटीपालटी केली, थापीच्या मुठीने ठोकली, कान लावला.

"बरी आहे," ते म्हणाले. दुसऱ्याच्या विटेला त्यांनी उभ्या आयुष्यात एवढं कधी म्हटलं नव्हतं. थोरलीने तोंड फिरवून उगाच ओटा पुसला.

"मग चढवू भिंत?"

"दाखला आण. बिनदाखल्याच्या भिंतीत मी कधी कुणाला झोपवलं नाही. मीही झोपणार नाही."

पाय पुन्हा फ्रिजला लागले. थोरलीने कागद घेतला.

"महोदय, अर्जदाराची वीट वारंवार संधी देऊनही तुटलेली नाही. तरी सदर विटेस तुटण्याचे लेखी आदेश आपल्या स्तरावरून व्हावेत. ते शक्य नसल्यास अर्जदाराच्या वडिलांचे अंथरूण, फ्रिजसह, आपल्या दालनात हलवण्यास परवानगी मिळावी, ही नम्र विनंती."