एका मडक्यावरच्या तीनशे रोट्या

माह्या नणंदेच्या लग्नात मी एकाच पालथ्या मडक्यावर तीनशे लांब रोट्या केल्या, आन् मडक्याले केसाएवढी चीर गेली नाई. हे बाभुळगाव तालुक्यात साऱ्यांले माहीत हाय, कारण मीच साऱ्यांले सांगतलं हाय. पह्यले त्या दोनशे होत्या. वर्सं वाढतात तशा रोट्याही वाढतात.

लांब रोटी म्हणजे कणीक एवढी सैल की हातावरून कोपरापर्यंत दुपट्ट्यासारखी लोंबते. मडकं पालथं, खाली जाळ, आन् रोटी एका झटक्यात वरतून टाकाची. हात पोळला त पोळला, रोटी फाटली नाई पाह्यजे.

त यंदाच्या उन्हाळ्यात माही नात सुरभी घरी आली. ती अमरावतीले इंजिनिअरिंगच्याही वरचं काईतरी शिकते. आल्यापासून कूलरपुढं लॅपटॉप घेऊन बसली, आन् तोंड असं जसं कोणी मेथीचा काढा पाजला.

"काय पाहून राह्यली वो?" मी इचारलं.

"सिरॅमिकची चकती हाय, आजी. कपबशीची थोरली बहीण समज. तिच्यावर लेझर मारला का वरची साय वितळते, बारीक भेगा बुजतात, आन् चकती पक्की होते."

"कुठी हाय चकती?"

"इथंच. कम्प्युटरात."

"आन् लेझर?"

"तोही कम्प्युटरातच."

मी चष्मा पुसून पुन्हा पाह्यलं. "म्हणजे नसलेल्या चकतीवर नसलेला जाळ."

"हो."

"तू केलं त शिक्षण, आन् मी केलं का थापा."

तखतावर आमचा बुढा पेपरच्या आड हासला. गाव त्याले बापूजी म्हणते. दिवसाले मोजून चार शब्द बोलते, त्यातले दोन चहा मांगाले.

मंग सुरभीनं खरं दुखणं सांगतलं. खरी लेझरची मशीन नागपूरले, आन् तिच्यापुढं पोरापोरींची लाईन. सुरभीचा नंबर सोमवारी. पण सरानं सांगतलं, शनिवारी संध्याकाळपर्यंत कम्प्युटरातली चकती साबूत निघाली तरच जाय, नाई त नंबर दुसऱ्याले. मंग थेट दिवाळीनंतर. आन् त्या दिवशी शनिवारच होता. आठ खेपा तिनं चकती चढवली, आठही खेपा चकतीवर लाल रेघा. लाल म्हणजे फुटली.

"थंड चकतीवरच जाळ घालत असशीन," मी म्हटलं.

"नाई ना. आधी कम्प्युटरातल्याच भट्टीत सारी चकती तापवते, मंग लेझर. तरी फुटते."

"माह्यं मडकं पाह्य. तीनशे रोट्या..."

"आजी, तुह्यं मडकंच टाकू का कम्प्युटरात?" ती वैतागूनच बोलली.

"टाक ना. मी काय भेते का?"

तिनं मले मडक्याची जाडी इचारली, मी बोटानं दाखवली. लाकडं कायची, त बोरीची. रोटी किती वेळानं उलटे, त दोन शिव्या देऊन होईपर्यंत. ते तिनं सेकंदात लिहून घेतलं. जेवणं होईपर्यंत मशीन घरघर करत बसली.

"आजी, होतात तीनशे रोट्या," ती म्हणाली. "जाळ सारखा असला त हजारही होतीन."

"ऐकलं का हो?" मी तखताकडं पाह्यलं. "मशीन म्हणते, मी नाई."

"पण एक हाय. शेवटी जाळ काढला का मडकं फुटते. तुह्यं फुटलं होतं का?"

"नाई," मी म्हटलं. पन्नास वर्साची सवय, तोंड आपोआप बोललं.

सुरभीनं लॅपटॉप बाजूले सारला. "मंग माह्यं गणितच चुकलं हाय, आजी. जे मडकं खरंच फुटलं नाई, ते इथं फुटून राह्यलं. म्हणजे चकतीचंही सारं खोटंच. आता सरांले फोन करते, माहा नंबर दुसऱ्याले देऊन टाका म्हणते."

"आधी चहा पेय."

"नको."

"सर जेवत असतीन."

"चार वाजून राह्यले, आजी." तिनं नंबर काढला, फोन कानाले लावला.

"ठेव तो फोन."

"काहून?"

"फुटलं होतं."

बुढ्याच्या पेपरची फडफड थांबली.

"एकशेसाठ रोट्या झालत्या," मी म्हटलं. "तेवढ्यात वरात वेशीत आली. नवरदेव उंटावर..."

"आजी."

"बरं, घोड्यावर. पण घोडा नाचणारा होता, माही आन हाय. म्या चुलीतली लाकडं ओढली, पाणी मारलं, आन् घोडा पाहाले पळाली. वापस आली त मडक्याले या कानापासून त्या कानापर्यंत चीर. खापरा पदरात घेतल्या, उकिरड्यात गाडल्या, आन् श्रावण कुंभाराकडून दुसरं मडकं मागच्या दारानं आणलं."

"आन् ते नाई फुटलं?"

"त्याचा जाळ म्या काढलाच नाई. लाकडं आपोआप बसू देली, मंग निखारे, मंग राख. वरतूनही राख टाकली. पंगत उठेपर्यंत त्याले हात नाई लावला."

"पंगत किती वेळ चालली?"

"आता कोण घड्याळ पाह्यते? व्याही आर्णीचे होते, खाणारे लोक."

"दीड तास," तखतावरून आवाज आला.

सुरभीनं लॅपटॉप पुन्हा पुढं ओढला. "मी लेझर बंद झाला का भट्टीही लगेच बंद करते, आजी."

"म्हणजे तूही घोडा पाहाले पळते."

तिनं भट्टीचा जाळ दीड तासात हळूहळू उतरवाचा ठरवला आन् नवव्या खेपी चकती चढवली. तिले बसवत नव्हतं. माह्यासंग तूर निवडाले बसली, आन् खड्यांसंग अर्धी तूरही फेकून देली. साडेसहाले मशीन थांबली. साऱ्या चकतीवर आंब्याच्या पानासारखा हिरवा रंग. लाल रेघ एकही नाई. सरांले तिनं तवाच पाठवलं.

सोमवारी दुपारी नागपूरहून सुरभीचा फोन आला. खरी चकतीही साबूत निघाली होती, दुर्बिणीतून पाह्यली तरी.

"सरांनं इचारलं, बरोबर दीडच तास कुठून आणला."

"मंग?"

"लग्नाच्या पंगतीतून, म्हटलं. त म्हणे, लिहिताना दुसरं काई लिहिजो."

फोन ठेवला आन् मी बुढ्याजवळ गेली. "मडक्याचं कोणाले सांगू नका."

"पन्नास वर्सं नाई सांगतलं, आता कायले सांगू?"

"तुमाले माहीत होतं?"

"उकिरडा मीच उपसला ना. खतात अर्धं मडकं निघालं, वरतून रोटीचा डाग."

"मंग बोलले काहून नाई?"

त्यानं पेपर घडी केला. "तवा तू दोनशे सांगे. मले पाहाचं होतं, कुठवर जाते."

दुसऱ्या दिवशी मी गिरणीवर गेलती. गावातल्या हरिसिंगची बायको चंदाबाई दळण घेऊन बसली होती. म्हणे, तानाबाई, त्या एका मडक्यावरच्या तीनशे रोट्यांचं माह्या सुनेले सांगा ना.

मले आता खोटं बोलाची लाज वाटे. मी खरं काय ते सांगतलं. मडकी दोन होती, म्हणून रोट्या सहाशे झाल्या, आन् नवरदेव उंटावर होता.