नळीतला उजेड

धानोऱ्याच्या बन्सीलालला एखादा प्रश्न पडला की तो विचारल्याशिवाय त्याला घास गोड लागत नसे. १९३४ सालच्या त्या सकाळी, नवापूरच्या पुढं गायकवाडी हद्दीतल्या ठाण्यात, त्यानं कारकुनाला अगदी भंडावून सोडलं. पिस्तूल तेच, कमर तीच, नंदुरबारच्या कचेरीचा परवानाही खिशात. मग मागचा ओढा ओलांडला की माणूस गुन्हेगार कसा होतो? आणि ओढ्याच्या मधोमध उभं राहिलं तर कोणाचा कायदा?

ओढ्याअलीकडे इंग्रजांचा, पलीकडे बडोद्याचा, मधे उभं राहू नये, असं कारकुनानं सांगितलं. आता नंबर जुळवायचा, नळी तपासायची, मग नवा परवाना. नोंद झाली नाही तर पिस्तूल इथंच राहणार.

 इकडे जंगलाला लागून बन्सीलालनं जमीन घेतली होती आणि दोन गाड्यांत घरदार भरून तो कायमचा निघाला होता. पिस्तुलाशिवाय तिथं एक दिवस राहणार नाही, असं त्यानं बायकोला, गजराबाईला, दहादा बजावलं होतं. वडिलांच्या वेळचं ते एकनळी पिस्तूल त्यानं स्वतः कधी उडवलं नव्हतं. काडतुसं मोजून मिळायची, वाया कोण घालवणार? पण उजव्या कमरेला ते असलं की छाती दोन बोटं रुंद व्हायची.

बाहेर धाकटा भाऊ नवल बैलांना पाणी दाखवत होता. तो पोचवायला आला होता. नऊ वर्षांपूर्वी विहिरीच्या वाटणीवरून दोघांची जुंपली, तेव्हा भर अंगणात बन्सीलालनं त्याच्यावर हेच पिस्तूल रोखलं होतं. पुढं भांडण मिटलं. रोखलं होतं, उडवलं थोडंच, अशी बन्सीलाल स्वतःची समजूत घालत आला. नवल बोलायचा, हसायचाही. फक्त चालताना, जेवताना, गाडीत बसताना तो कायम भावाच्या डाव्या हाताला असायचा. का रे, असं विचारलं तर म्हणायचा, सवय.

पिस्तुलावरचा नंबर काही दिसेना. त्यांच्या घरात दसऱ्याला हत्यार पुसायचं आणि पुजायचं काम बायकांचं. पुरुषांनी ते नुसतं कमरेला लावायचं. वर्षानुवर्षांच्या हळदीकुंकवानं आकडे बुजून गेले होते. गजराबाईला आत बोलावलं. तिनं ओल्या फडक्यानं घासून आकडे मोकळे केले. नंबर जुळला तसा बन्सीलाल खुलला.

मग कारकुनानं पिस्तूल उघडून नळी खिडकीकडे धरली. डोळा लावला, पुसला, पुन्हा लावला. उजेड दिसेना. तार घालून पाहिली तर टोकाला काळपट लाल चुरा आला.

"नळीत लाख भरलीय," तो म्हणाला. "पाटील, हे उडवलं असतं तर तुमच्या हातातच फुटलं असतं."

कोणी भरली असेल? गड्यानं? चोरानं? कधी? बन्सीलालचे प्रश्न सुरू झाले आणि गजराबाईनं खाली बघत ते तोडले.

"मीच भरी. नवलभाऊवर रोखं ना तुम्ही, त्याच दिनले."

बन्सीलालनं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. राग आला, पण तो कोणावर काढावा ते कळेना. "मन्हा हात गया असता," तो कसाबसा म्हणाला.

"हात गया असता. भाऊ तं ऱ्हाता."

 ते उडवायची वेळ येऊ नये म्हणून दर दसऱ्याला ती त्या पिस्तुलापुढंच हात जोडत आली होती, हेही तिनं सांगितलं. बन्सीलालला फार लाज वाटली, कारकुनासमोर तर जास्तच.

कारकून समजूतदार होता. समोरचा लोहार तापल्या सळईनं अर्ध्या तासात नळी मोकळी करील, मग लगेच नोंद करून देतो, असं तो म्हणाला.

"आन् पिस्तूल आठेच सोडं तं काय लिखशात?" कारकुनाच्या मेजावर बोट टेकवत बन्सीलालनं विचारलं.

"मालकानं खुशीनं जमा केलं, असं."

तसंच लिहायला सांगून त्यानं सही केली.

बाहेर येताच नवलची नजर आधी भावाच्या कमरेवर गेली. पिस्तूल कुठंय, असं त्यानं विचारलं.

"तठेच सोडी उनू," बन्सीलालनं मागच्या ठाण्याकडे बोट दाखवलं.

नवल बैलांकडे वळला. गाडी जुंपली, बन्सीलाल वर चढला आणि सवयीनं उजवीकडे सरकून त्यानं डावीकडे जागा केली. नवल बैलांना वळसा घालून पलीकडून आला, भावाला आत सरकवून त्याच्या उजव्या हाताला बसला.

का रे, असं बन्सीलालनं या खेपेला विचारलं नाही.