आईच्या वळणाचे डोळे

अराक्सी तेर्झियानच्या दुकानात आरशांना तोटा नव्हता. कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेलमध्ये नवरीचे पोशाख विकणारी दुकानं पुष्कळ होती, पण अंगावर नेमका बसणारा पोशाख हवा असेल तर अराक्सीकडे जायचं, हे साऱ्या आर्मेनियन वस्तीला ठाऊक होतं. नवरी चौथऱ्यावर उभी राहायची, अराक्सी तोंडात टाचण्या धरून तिच्या पायाशी बसायची, आणि समोरच्या तीन आरशांतून तीन अराक्सी खऱ्या अराक्सीकडे बघायच्या. तिघींच्याही डोळ्यांखाली पिशव्या लोंबत होत्या, आणि पिशव्यांच्या खाली बोट टेकेल एवढा खळगा.

ती थकलेली नव्हती. सत्तावन्नाव्या वर्षीही तिला अंथरुणावर पडताच झोप लागायची आणि सकाळी ती ताजीतवानी उठायची. तरी भेटेल तो म्हणायचा, ‘अराक्सी, जरा विश्रांती घे गं.’ काकडीच्या चकत्या झाल्या, थंड चमचे झाले, मीठ कमी करून झालं, मलमांच्या बाटल्यांनी कपाट भरलं. पिशव्या जिथल्या तिथे. तिची आई हायगानुश हिचेही डोळे असेच होते. वळणच ते.

एके दिवशी एका नवरीची आई दाराशी थांबून मुलीच्या कानाशी लागली, ‘बाई आजारी दिसतात. लग्नाआधी पोशाख पुरा होईल ना?’ अराक्सीने ते ऐकलं. तिला राग आला नाही, रडूही आलं नाही. पोशाख कुठे ओढला जातोय हे दिसलं की ती उसवायला मागेपुढे बघत नसे. मग चेहऱ्यानेच काय घोडं मारलं होतं? संध्याकाळी दुकान बंद करायच्या आत तिने डॉक्टरांची वेळ घेतली.

धाकट्या बहिणीला, नवार्दला, हे कळलं तेव्हा ती धावतच आली. तिने मागच्या वर्षी एका सौंदर्यगृहात डोळ्यांखाली फिलर, म्हणजे खळगा भरणारं जेल, सुईने भरून घेतलं होतं. एवढं कापाकापीचं खूळ कशाला, असं तिचं म्हणणं. दुपारच्या सुट्टीत सुई टोचायची आणि जेवायला घरी जायचं. अराक्सीने तिला खिडकीशी, उजेडात नेलं.

“तुझ्या डोळ्यांखाली आधी एक उशी होती,” ती म्हणाली. “आता दोन झाल्यात. आणि वरची निळसर दिसते.”

नवार्द फणकारली, पण जाताना तिने गाडीच्या आरशात बराच वेळ पाहिलं.

डॉ. ओयामा पन्नाशीच्या, बारीक चणीच्या आणि अजिबात घाई नसलेल्या बाई होत्या. डोळ्यांभोवतीच्या शस्त्रक्रिया सोडून दुसरं त्या काही करत नसत. त्यांनी अराक्सीची खालची पापणी चिमटीत धरून पुढे ओढली आणि सोडली. ती चटकन जाग्यावर बसली. “छान. अजून ताठ आहे,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. डोळ्याला गादीसारखी चरबी असते. ती पुढे सरकली की पिशवी दिसते, आणि तिच्या कडेला खळगा पडतो. नुसता खळगा असता तर सुईने भरला असता. पण इतक्या मोठ्या पिशवीखाली भर घातली तर चेहरा सुजल्यासारखा दिसेल. लेझरने वरच्या बारीक सुरकुत्या जातात, पिशवी जात नाही. राहिली शस्त्रक्रिया. पापणीच्या आतून शिरायचं, बाहेर टाका दिसत नाही. आणि चरबी सगळी काढून टाकायची नाही, खळग्यात सरकवून बसवायची.

“म्हणजे जास्तीचं कापड कापून फेकायचं नाही,” अराक्सी म्हणाली. “जिथे फुगतंय तिथून सोडवायचं आणि जिथे कमी पडतंय तिथे घालायचं.”

डॉक्टरीणबाईंना हे आवडलं. अराक्सीने विचारलं, कधी बिघडलंय का? त्यांनी लपवलं नाही. कुणाची सूज महिनोन्‌महिने रेंगाळते, कुणाचे डोळे कोरडे पडतात, काहींना थोडी दुरुस्ती करायला पुन्हा बोलवावं लागलं. हे ऐकल्यावर अराक्सीचा निर्णय पक्का झाला. आपलं काम कधी बिघडतच नाही म्हणणाऱ्या शिंप्यावर तिने जन्मात भरवसा ठेवला नव्हता.

आईला सांगणं तेवढं अवघड होतं. रविवारी चर्चहून आल्यावर दोघी द्राक्षाच्या पानांत भात भरत बसल्या होत्या. हायगानुशने ऐकून घेतलं. हातातलं पान गुंडाळून पातेल्यात नीट बसवलं.

“कुणाच्या पिशव्या काढणार आहेत?”

“माझ्या.”

“तुझ्या कशा? मी दिल्यात तुला. मला माझ्या आईने दिल्या. म्हणजे आमचा चेहरा वाईट, असं झालं.”

एवढं बोलून म्हातारीने डोळा पुसला, आणि अराक्सीचं काळीज हललं. वडील, ह्रांत, गेल्यापासून आईच्या डोळ्याचं पाणी खळलं नव्हतं. जेवताना, पत्ते खेळताना, अगदी हसतानासुद्धा तिचा रुमाल गालाशी असायचा. लोक तिच्याशी हळू आवाजात बोलायचे. घरात तिच्या शब्दाला कुणी आडवं जात नसे. पण या वेळी अराक्सी मागे हटली नाही.

“मायरिक, आई गं, तुझं नाक माझ्याकडे आहे, तुझे हात आहेत, तुझी जीभ तर आहेच आहे. एवढं एक मला माझ्या मनासारखं करू दे.”

म्हातारीने पुढचं पान उचललं आणि त्यात भात भरला.

शस्त्रक्रिया सुरळीत झाली. डोळ्यांखाली वांग्याच्या रंगाचे डाग उठले. अराक्सी उंच उशीवर झोपली, बर्फाच्या घड्या ठेवल्या, खाली वाकायचं नाही म्हणून टाचण्या नवार्दच्या हाती दिल्या आणि खुर्चीत बसून तिला टोकत राहिली. तपासणीच्या दिवशी मात्र हायगानुश काळा कोट घालून दाराशी तयार. ती कापणारी बाई मला बघायची आहे, म्हणाली.

डॉ. ओयामांनी अराक्सीचे डोळे तपासले, सूज बेताची आहे म्हणाल्या. मग त्यांची नजर कोपऱ्यात डोळा पुसणाऱ्या म्हातारीकडे गेली, आणि तिथेच थांबली. हे पाणी कधीपासून येतं, त्यांनी विचारलं.

“वडील गेल्यापासून,” अराक्सी हळूच म्हणाली. “ती अजून सावरली नाही.”

“कोण सावरलं नाही?” हायगानुश म्हणाली. “ह्रांतसाठी मी दोन वर्षं रडले. पोटातून रडले. मग आपोआप थांबले. हे पाणी निराळं आहे. हे उगाच येतं.”

अराक्सी तिच्याकडे वळली. “मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“तुम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. इतक्या मायेने वागत होतात, की म्हटलं, चालू दे.”

डॉक्टरीणबाईंनी तिची खालची पापणी पुढे ओढली आणि सोडली. ती परत आलीच नाही; डोळ्यापासून सुटून तशीच राहिली. त्यांनी आरसा देऊन म्हातारीला ते दाखवलं. पापणी सैल पडून बाहेर वळली होती. अश्रू ज्या बारीक छिद्रातून आत उतरतात, ते छिद्र डोळ्याला टेकतच नव्हतं, म्हणून पाणी गालावर सांडत होतं. बाहेरच्या कोपऱ्याशी पापणी आवळून बसवली की झालं. तेवढाच भाग बधिर करायचा, त्याच दिवशी घरी. हवं तर त्याच वेळी पिशव्याही कमी करता येतील.

“पाणी थांबवा,” हायगानुश म्हणाली. “पिशव्यांना हात लावायचा नाही. त्या माझ्या आईच्या आहेत.”

“मी माझ्या काढल्या, त्याचा राग आहे का?” अराक्सीने विचारलं.

म्हातारीने लेकीची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. डागांच्या खाली पापणीपासून गालापर्यंत आता सरळ, गुळगुळीत उतार होता. “बाईच्या हाताला वळण आहे,” ती म्हणाली. “शिवण कुठेच दिसत नाही.”

त्यापेक्षा मोठी शाबासकी त्या घरात कुणाला मिळाली नव्हती.

महिनाभरात हायगानुशवरही शस्त्रक्रिया झाली. टेबलावर ती शेवटपर्यंत बोलत होती, आणि डॉक्टरीणबाईंना पानांत भात किती घालायचा हे तिथेच शिकावं लागलं. डोळा कोरडा झाला. त्याची किंमतही तिला चुकवावी लागली: रुमाल गेला तशी घरातलं दबकं बोलणं गेलं, आणि नवार्द जेवताना पुन्हा तिच्याशी भांडू लागली. म्हातारीला मनातून ते फार आवडलं. नवार्दनेही मुकाट्याने डॉ. ओयामांकडे जाऊन जुनं फिलर औषधाने विरघळवून घेतलं. काही दिवस तिथे खळगा दिसला, पण चेहरा तिचा तिला परत मिळाला.

अराक्सी पुन्हा तोंडात टाचण्या धरून चौथऱ्याशी बसू लागली. ती तरुण दिसत होती असं नाही. मनातून जशी होती तशी दिसत होती, आणि तिला तेवढंच हवं होतं.

चर्चच्या अंगणात मात्र आता नवीनच प्रकार सुरू झाला. कुणी विधवा, कुणी म्हातारा, कुणीही डोळा पुसताना दिसला की हायगानुश पुढे होऊन त्याची पापणी चिमटीत धरायची, ओढायची आणि सोडायची. पापणी परत आली नाही, तर डॉ. ओयामांचा पत्ता. चटकन परत आली, तर ती त्याच्या शेजारी बाकावर बसायची आणि म्हणायची, “तुझी पापणी ठीक आहे. म्हणजे तू खरंच रडतोयस. बोल, काय झालं?”