तिसऱ्या दिवसाचं बोलणं

मी आवाज टिपून ठेवणारं यंत्र. जीव आगपेटीएवढा. जन्मभर दुसऱ्यांचं ऐकलं; आज माझेही चार शब्द ऐका, कारण उद्या मला पुसणार आहेत.

किंग्स्टनच्या एका दुकानात मी दोन वर्षं काचेमागे पडून होतो. गिऱ्हाईक मालकाशी एका इंग्रजीत भाव करायचं आणि दाराबाहेर बायकोशी दुसऱ्याच इंग्रजीत भांडायचं. मालकही कमी नव्हता. बँकेचा साहेब आला, की मालकाच्या जिभेवर इस्त्री फिरायची!

याच दोन बोलींचा अभ्यास करणाऱ्या लॉर्नाबाईंनी मला विकत घेतलं आणि माँटेगो बे गावातल्या शर्नेट नावाच्या बाईच्या कमरेला लावलं. घरी कशी बोलते, कामावर कशी, ते त्यांना हवं होतं. शर्नेटचं काम म्हणजे परदेशी गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवर ऐकणं.

"आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व, सर. आपला संताप मी समजू शकते."

फोन ठेवला, की शेजारच्या खुर्चीवरच्या पॅन्सीला म्हणायची, "मेल्यानं कान किटवले गं! आण तो मासा इकडं, एकटीच गिळतेस होय?"

घरी नीरफणस भाजताना तर गाणी, शिव्या, हसू. दोन दिवस मी मजेत होतो.

तिसऱ्या संध्याकाळी फाटक वाजलं. नवरा आला होता, एव्हर्टन. शर्नेटनं आपल्या हातानं बटण दाबून मला चालू केलं.

"कुठं उलथली होतीस? त्या पॅन्सीकडं ना?"

"आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व. आपला संताप मी समजू शकते."

"माझ्यापुढं साहेबी झाडतेस?"

"नाही, सर. कृपया..."

तवा पडला. त्यानंतर ऐकू येत होत्या त्या फक्त शेजारच्या अंगणात आपटणाऱ्या डॉमिनोच्या सोंगट्या.

मला परत देताना शर्नेटच्या मनगटाला फडकं होतं. "बाई, तिसरा दिवस जरा नीट ऐका हं," एवढंच म्हणाली.

लॉर्नाबाईंपुढे वीस बायकांचं बोलणं साठलेलं. त्यांनी घाईत मला पुढंमागं सरकवत शर्नेटची दोन वाक्यं ऐकली, तेवढीच उतरवून घेतली आणि वर लिहिलं : 'कामावरचं बोलणं. उत्तम नमुना.'

आज त्यांनी तिला फोन लावला. मी टेबलावरच होतो, फोनला लागून.

"अगं, ऐकला तुझा तिसरा दिवस! किती शांत, किती अदबशीर! वर्गात मुलांना तेच ऐकवणार आहे."

पलीकडे सोंगट्या तेवढ्या आपटत होत्या. मग शर्नेटचा आवाज आला, "आपण वेळ दिलात, आभारी आहे. आणखी काही मदत हवी आहे का?"

"बघ, सवय कशी लागते!" लॉर्नाबाई हसल्या. फोन ठेवला.

उद्या मी कोरा होऊन दुसऱ्या कुणाच्या कमरेला जाईन. बाई, त्याआधी एकदा, फक्त एकदा, मला शेवटपर्यंत ऐका. तिच्या कचेरीत कुणी सोंगट्या आपटत नाही हो.