लोर्नाच्या प्रार्थनेला उत्तर

कतारमधल्या दोहा शहरात एका दातांच्या दवाखान्याचा कारभार विभावरी सांभाळायची. कोणाला काय हवं हे त्याच्या आधी आपल्याला कळतं, असा तिचा समज होता, आणि बऱ्याचदा तो खरा ठरायचा. त्यामुळेच पंचाईत झाली.

दवाखान्यातली सहायक लोर्ना. तिचे वडील फिलिपिन्समध्ये, समार बेटावर, वारले. पासपोर्ट नूतनीकरणाला दिलेला, त्यामुळे तिला जाता येईना. विभावरीने लगेच पदर खोचला. रिसेप्शनवरच्या ग्रेसची ड्यूटी लोर्नासोबत लावली, दोघींची जेवणाची सुट्टी एक केली. "तुम्ही दोघी फिलिपिनो. आपल्या भाषेत बोललात की मन हलकं होईल," असं वर सांगितलंही.

पण लोर्ना दिवसेंदिवस मिटतच चालली. ग्रेसने विचारलं की दोन शब्द बोलायची आणि डबा बंद करायची.

एका दुपारी विभावरी उपकरणं धुण्याच्या खोलीत गेली, तर लोर्ना भिंतीकडे तोंड करून, हातात जपमाळ घेऊन काहीतरी पुटपुटत होती. थोडं म्हणायची, थांबायची, मग पुढचं म्हणायची.

"आमच्याकडे माणूस गेलं की नऊ दिवस घरात प्रार्थना असते, मॅम," ती ओशाळून म्हणाली. "एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. इथे दोन्ही मीच म्हणते."

"मग ग्रेसला बोलाव की."

"ग्रेस चांगली आहे, मॅम," एवढंच लोर्ना म्हणाली.

फरीज बिन ओमरान वस्तीतल्या आपल्या घरी आल्यावर विभावरीची धुसफूस सुरू झाली. नवरा सदानंद रास लफानच्या गॅस प्रकल्पातली शिफ्ट करून नुकताच आला होता. "एवढं करूनही तिला कोणी नकोच आहे," ती म्हणाली. "एका देशाच्या, एका भाषेच्या बायका, आणि तरी अशा!"

"एका भाषेच्या? कोणी सांगितलं तुला?" सदानंद हसला. "अगं, आमच्या शिफ्टला येऊन बघ. कोणी इलोकानो बोलतो, कोणी सेबुआनो. शंभराहून जास्त भाषा आहेत त्यांच्याकडे. तागालोग शाळेत शिकतात म्हणून सगळ्यांना येते. आपल्याला हिंदी येते तशी."

"पण समजतं ना एकमेकांना?"

सदानंद तिच्या शेजारी येऊन बसला. "तुझे अण्णा गेले तेव्हा कोरोनामुळे विमानं बंद होती. शेजारच्या सबीहाताई रोज तुझ्याजवळ येऊन बसायच्या. हिंदीत किती मायेने बोलायच्या. तुला सगळं समजत होतं. पण तू रडलीस कधी? परभणीहून आत्याचा फोन आला आणि त्या म्हणाल्या, 'रड माय, रड,' तेव्हा."

त्या आठवड्याबद्दल विभावरीने कोणालाच सांगितलं नव्हतं. घरात माणसं असूनही एकटं पडणं म्हणजे काय, ते तिला चांगलं ठाऊक होतं, आणि तरीही तिने लोर्नाला एकदाही विचारलं नव्हतं.

सकाळी तिने विचारलं. "लोर्ना, घरी तुम्ही कोणती भाषा बोलता?"

इतकी वर्षं इथे काम करूनही लोर्नाला हे कोणी विचारलं नव्हतं. "वाराय, आमच्या समारची भाषा," लोर्ना म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचे डोळे भरून आले. "ग्रेसला ती येत नाही, मॅम. बाबा मासेमारी करायचे. त्यांना तागालोग धड यायची नाही. त्यांना न कळणाऱ्या भाषेत मी त्यांच्यासाठी प्रार्थना कशी करू?"

सदानंदने शिफ्टवर चौकशी केली. समारचा एक वयस्क तंत्रज्ञ निघाला, नेस्तोर नावाचा. शुक्रवारी विभावरीने आपला हॉल मोकळा केला, टीपॉयवर लोर्नाच्या वडिलांचा फोटो ठेवला. ग्रेसही आली आणि मागे शांत बसून राहिली.

लोर्नाने म्हणायला सुरुवात केली. नेस्तोरने खालच्या आवाजात उत्तर दिलं. तो आवाज ऐकताच लोर्ना गप्प झाली. मग तिला असं काही रडू कोसळलं की विभावरी पाणी आणायला उठली. सदानंदने तिचा हात धरून तिला खाली बसवलं. नेस्तोर वाट पाहत राहिला. बऱ्याच वेळाने लोर्नाने पुढची ओळ म्हटली, आणि त्याने पुन्हा उत्तर दिलं.

विभावरीला त्यातला एक शब्दही कळला नाही. आपल्याला कळण्यासाठी ते नव्हतंच, हे मात्र तिला कळलं.

मंडळी, परदेशात आपण माणसांना पासपोर्टच्या रंगावरून ओळखतो आणि त्यातच समाधान मानतो. एका देशाची माणसं एकत्र बसवली म्हणजे त्यांचं एकटेपण संपत नाही. आपल्या शेजारी काम करणाऱ्याला, "तुम्ही घरी काय बोलता?" एवढं तरी विचारू या. कदाचित त्याच्या भाषेत उत्तर देणारं माणूस याच गावात असेल, आणि त्या दोघांना एकमेकांचा पत्ताच नसेल.