भोंग्यावरची ओटिलिया

"लाव भोंगा! माझानची वाघीण सुटलीय!" सरपंच कुबिश दारातूनच ओरडले. मी पंचायतीच्या खिडकीला नवी चौकट बसवत होतो. हातातली हातोडी तशीच राहिली.

ओटिलियाने माईक पुढ्यात ओढला, बटण दाबलं आणि बँडचं गाणं वाजायला लागलं. 

आमच्या गावात खांबाखांबावर भोंगे आहेत आणि त्यांवरून बोलायचं काम ओटिलियाचं. लग्नाआधीपासून तीच बोलते. पाणी कधी जाणार, कोंबड्यांची पिल्लं विकणारी गाडी कधी येणार, रात्री कोण गेलं, सगळं तीच सांगते. आधी गाणं, मग ती. घरात बसून धड काही कळत नाही, म्हणून गाणं लागलं की अख्खं गाव हातातलं काम टाकून फाटकाशी येतं. हे तिला माहीत नव्हतं थोडंच! पण हाताला पडलेली सवय, हात डोक्याला विचारतोय कशाला?

"अगं बये, बंद कर! लोक बाहेर येतायत!" मी ओरडलो.

येतायत कसले, आलेच होते. खिडकीतून सगळा रस्ता दिसत होता. कुणी कणकेच्या हातांनी, कुणी दाढीला साबण लावलेला. ओटिलिया पांढरीफटक पडली. तिने गाणं तोडलं.

"सगळे घरात जा! वाघीण सुटली आहे! दारं लावून घ्या!"

दोघं-चौघं हसले. थट्टा वाटली त्यांना. दुसऱ्यांदा सांगताना तिचा आवाज चिरकला, तेव्हा कुठे पळापळ झाली आणि धडाधड दारं लागली.

एक म्हातारा तेवढा राहिला. ओटिलियाचे वडील, इम्रिख. कानाने अधू, म्हणून ते नेहमी पुलाजवळच्या खांबाखालीच येऊन उभे राहायचे. आणि त्यांच्या उजव्या हाताला, टेक्लाबाईच्या आलुबुखाराच्या झाडांतून वाघीण बाहेर आली. सावकाश, सुटलेलं पोट हलवत.

"बाबा," ओटिलिया माईकमध्ये म्हणाली. "मी बोलतेय. पळू नका. पाठ फिरवू नका. हळूहळू मागे सरका. मागे टेक्लाचं फाटक आहे."

म्हाताऱ्याने आधी भोंग्याकडे पाहिलं, मग वाघिणीकडे. त्यांची टोपी खाली पडली. ती उचलायला वाकले तर संपलंच, असं मला वाटलं. पण ते वाकले नाहीत. एक पाऊल मागे, थांबले, आणखी एक. वाघीणही एक पाऊल पुढे.

तेवढ्यात सरपंचांचा फोन वाजला. वाघिणीचा मालक माझान होता. त्याचं बोलणं मला खिडकीपर्यंत ऐकू येत होतं. "तिच्याशी बोलत राहा! बाटलीने दूध पाजून वाढवलीय मी तिला, माणसाचा आवाज ऐकला की बसते ती. मांस घेऊन निघालोय, मी पोचेपर्यंत थांबू नका!"

एरवी परवान्याचं विचारलं की हाच माझान म्हणायचा, "मांजरच आहे हो, जरा मोठं." आणि आम्ही तरी कुठले शहाणे! पाहुणे आले की आधी त्याच्या पिंजऱ्याकडे न्यायचो, फोटो काढायचो. कडी लागलीय की नाही, कधी पाहिलं नाही.

ओटिलिया बोलायला लागली. आधी नुसतं "बस बाई, बस." मग काही सुचेना, तेव्हा टेबलावर होतं ते वाचायला घेतलं. मंगळवारी धुराडी साफ करणारा येईल. भटक्या मांजरांना खायला घालू नये. हे सगळं अंगाई म्हणावी तशा आवाजात. मला हसू यायचं आणि रडूही. वाघीण खांबाखाली आली, मान वर करून भोंग्याकडे बघितलं आणि चक्क आडवी झाली. टेक्लाने फाटकातून हात घालून म्हाताऱ्याला कोट धरून आत ओढलं.

ओटिलियाने डोळे मिटले, पण बोलणं थांबवलं नाही. "हां, अशीच राहा. येतोय हो तुझा माझान."

माझानच्या आधी शिकारी पोचले. सरपंचांनीच बोलावले होते, पोलिसांची परवानगी घेऊन. गुंगीचं इंजेक्शन देणारा डॉक्टर तालुक्यातही नव्हता आणि शाळा सुटायला आली होती. दुसरं काय करणार होते? मी त्यांना पुलाच्या कठड्यामागे वाकताना पाहिलं. ओटिलियाने पाहिलं नाही. ती कोंबड्यांच्या पिल्लांचे भाव सांगत होती.

दोन बार झाले.

माझान आला तेव्हा मांसाची बादली अजून त्याच्या हातात होती. तो सरळ पंचायतीत शिरला.

"तुझ्या आवाजावर बसली होती ती," तो म्हणाला.

"कडी का नाही लावलीस रे, मेल्या?" ओटिलिया ओरडली. "बाप गेला असता माझा! आणि तिला... तिला मी बोलण्यात गुंतवून मारवलं!"

माझानने मान खाली घातली. सरपंच तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गाव वाचवलंस, ओटिलिया. आता तेवढं सांगून टाक, धोका टळला म्हणून."

तिने त्यांचा हात बाजूला केला, माईक त्यांच्याकडे सरकवला आणि उठून बापाला आणायला गेली.

सरपंच दोनदा खाकरले. आमच्या भोंग्यावरून त्या दिवशी पहिल्यांदा दुसऱ्याच कुणाचा आवाज आला.