पहिल्या अभंगाच्या आधी

अनगोळात मारुतीरावचं कॅसेटचं दुकान आणि माझं भांड्यांचं दुकान यांच्यात एकच भिंत आहे. त्याची गाणी मी फुकट ऐकली, माझी ठोकाठोक त्यानं फुकट ऐकली. हिशेब बरोबरीत.

आता त्याच्या पाटीवरच तेवढी 'कॅसेट' उरली आहे. आत मोबाइलची कव्हरं, रिमोट आणि चार्जर. पडून राहिलेल्या सीड्या त्यानं बेळगुंदीच्या शेतकऱ्यांना देऊन टाकल्या. जोंधळ्यात दोरीला बांधल्या की उन्हात चमकतात आणि पाखरं भितात. "माझ्या मालाला शेवटी गिऱ्हाईक घावलं," तो म्हणायचा, "पण ते ऐकत न्हाय, बघूनच पळतंय."

अशा दुकानात त्याचा मुलगा आदर्श एक नवं यंत्र घेऊन आला. हा पुण्याला रेकॉर्डिंगच्या स्टुडिओत कामाला. बोलणं मऊ, कानात कायम काहीतरी खुपसलेलं. म्हणाला, "आप्पा, मोबाइलवर गाणी ऐकून लोक कंटाळल्यात. हातात धरायला वस्तू पायजे त्यांना. ही हाय-रिझोल्यूशन डिस्क. आवाज असा, की गाणारा समोर बसलाय."

"समोर बसलेला गाणारा ऐकायला लोक देवळात जात न्हाईत, आणि डिस्क घेतील?" मी विचारलं.

"काका, तुम्ही भांडी विका."

मी भांडीच विकतो, म्हणून तर विचारलं. लग्नाच्या आहेराला पातेली नेणारं गिऱ्हाईक पत्र्याची जाडी बघत नाही. नाव नीट घातलंय का, ते बघतं. 'शिंदे' कोरताना वेलांटी चुकली तर पातेलं परत. बूड पातळ निघालं तर आजवर कुणी परत आलेलं नाही.

मारुतीरावच्या कपाटात मोठ्या रिळावर गुंडाळलेली एक जुनी स्पूल टेप होती. बेळगुंदीच्या भजनी मंडळाचं भजन एका रात्री देवळात रेकॉर्ड केलेलं. त्याच्या कॅसेटी काढून त्यानं विकल्या होत्या, आणि त्या काळी लई खपल्या होत्या. आदर्शनं त्याच टेपची डिस्क करायची ठरवली.

हे नागुबाईच्या कानावर गेलं. बेळगुंदीची म्हातारी, बाजाराला आली की मारुतीरावच्या बाकावर टेकायची. यावेळी तिनं पिशवीतून फडक्यात बांधलेली कॅसेट काढली. तिच्या टेपरेकॉर्डरनं फीत गिळली होती. नातवानं ओढून काढली, तर ती मधूनच तुटली.

"जोडता यील का रं मारुती?"

मारुतीरावनं फीत उजेडात धरली. चुरगळून तिचा रंगही उडाला होता. "न्हाय गं आक्का. पण काळजी करू नको. आदर्श नवीन काढायलाय. त्यात समदं यील."

"ज्योतिबाचं पण?"

"ज्योतिबाचं पण."

ज्योतिबा तिचा मुलगा. त्याला भजन येत नव्हतं, झांजही धड धरता येत नव्हती, पण वाचायला यायचं. म्हणून त्या रात्री पहिल्या अभंगाच्या आधी मंडळानं त्याच्या हातात कागद दिला आणि नावं वाचायला लावली. मृदंगाला कोण, पेटीला कोण, बत्तीची सोय कुणाची, चहा कुणाचा, सतरंज्या कुणाच्या. तेवढाच त्याचा आवाज राहिला. त्याच साली भाजीचा ट्रक घेऊन गोव्याला निघालेला तो घाटातून परत आला नाही. फोटो आहे, पण फोटो काही म्हणत नाही. नागुबाई कॅसेट लावायची ती तेवढ्यासाठी, आणि अभंग सुरू झाला की बंद करायची. देवाला याचा राग आला असेल असं मला वाटत नाही.

एका रविवारी दुपारी डिस्क पहिल्यांदा वाजवायचं ठरलं. बेळगुंदीहून टेम्पो भरून माणसं आली. मारुतीरावच्या बायकोनं, अक्काताईनं, सगळ्यांना चहा दिला. "प्या, प्या. ह्या दुकानात एवढी गर्दी लॉकडाऊनच्या आधी चार्जर न्यायला झालती," असं म्हणून घेतलं. नागुबाई पुढच्या बाकावर, पदर सावरून, हात मांडीवर.

आदर्शनं डिस्क लावली. एकदम मृदंग. खरं सांगतो, असा आवाज मी ऐकला नव्हता. कातड्यावरच्या शाईवर हात पडला की पोटात कळायचं. म्हातारा महादेव, पेटीवाला, स्वतःच्या पेटीचं ऐकून डोळे मिटून बसला. पहिला अभंग झाला, दुसरा झाला. लोक माना डोलवत होते, पण एकेक जण शेजाऱ्याकडं बघायलाही लागला होता.

सगळं संपलं. "लई भारी," कुणीतरी म्हणालं. "एक लंबर." आणि माणसं चपला शोधू लागली. डिस्कच्या चवडीला कुणी हात लावला नाही.

नागुबाई उठली नाही. "बाळा, पहिलं लाव की."

"पहिलंच लावलंतं आजी."

"त्याच्या आधीचं. आमच्या ज्योतिबाचं."

आदर्श बापाकडं बघायला लागला. "ती नावं व्हय? ती काढली मी. त्यात संगीत काय न्हवतं, आप्पा. मागनं बायकांचा कालवा, कपबशा... एवढ्या शुद्ध आवाजाच्या आधी ते बरं दिसंना."

मारुतीराव खाली बसला. मी त्याला दुकानात आग लागल्यावर बघितलंय, तेव्हाही तो उभा होता.

"अरं खुळ्या," महादेव दारातूनच म्हणाला, "ती नावं होती म्हणून तर कॅसेट खपली. माझ्या बानं दोन घेतल्या. एक घरात, एक लेकीच्या सासरी. तिकडं कळाया नको, पेटी कुणाची हाय ते? शेजारच्या गावात एक तरी गेली का, इचार तुझ्या बाला."

मांडीवरची फडक्यात बांधलेली तुटकी कॅसेट नागुबाईनं परत पिशवीत ठेवली आणि टेम्पोकडं निघाली. आदर्श तिच्या मागं पळत गेला. जुनी टेप एकदा वाजवतानाच झडून गेली होती, पण कापलेलं पुण्याच्या कॉम्प्युटरमध्ये असेल, असं तो म्हणत होता. असेल, आहे असं नव्हे. म्हातारीनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मला वाटतं, त्यापेक्षा तिनं शिव्या दिल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं.

त्याच रात्रीच्या गाडीनं तो पुण्याला गेला. पंधरवड्यात परत आला तेव्हा दाढी वाढलेली, कान मोकळे. मूळ रेकॉर्डिंग सापडलं होतं. या खेपेला त्यानं टेम्पो मागवला नाही. नागुबाईला स्वतः गाडीवरून घेऊन आला आणि दुकानाचं शटर अर्धं ओढलं. आत मारुतीराव, अक्काताई आणि मी, एवढेच.

"आजी, ह्यात कॅसेटमध्ये नसलेलं पण ऐकू येतंय," तो म्हणाला. "कॅसेट म्हंजे नकलेची नक्कल. नुसती खरखर. हे थेट टेपवरचं. नको वाटलं तर सांगा, मी काढतो."

आधी शांतता, मग कागदाची सळसळ. मग एका पोराचा आवाज, छाती काढून, शाळेत कविता म्हटल्यासारखा: मृदंगाला अमुक, पेटीला महादेव, बत्तीची सोय तमुक... आणि तेवढ्यात लांबून, कपबशांच्या आवाजामागून, एका बाईची हाक आली.

"ज्योतिबा, च्या निवाला रं!"

वाचणं थांबलं. पोरगं माइकपासून मान वळवून हळूच म्हणालं, "आलो गं आई." मग खाकरलं आणि सतरंज्यांवर आलं.

अक्काताईनं पदर तोंडाला लावला. ती हाक कुणाची, हे विचारायची कुणाला गरज नव्हती. फक्त नागुबाईला पटायला वेळ लागला.

"मी हाय व्हय ती?"

"तूच गं आक्का."

"देवाच्या कामात मधी बोलले मी. सोन्यासारखं भजन त्यांचं." ती आदर्शकडं वळली. "माझं काढ बाळा. बरं दिसंना."

आदर्शनं मान हलवली आणि बटणाकडं हात नेला.

"थांब." तिनं बाकावरून पुढं होऊन यंत्रावर हात ठेवला. "माझं काढलंस तर त्यो 'आलो' कुणाला म्हणतोय, ते कसं कळंल? असू दे. दोन्ही असू दे."

पुढं नावांसकट काढलेल्या नव्या डिस्क संपल्या. ज्यांची नावं होती त्या प्रत्येक घरात एक आणि लेकीच्या सासरी एक. ती वाजवायचं यंत्र त्यांतल्या एकाही घरात नाही. काचेच्या कपाटात ठेवल्या आहेत, माझ्या पितळी तांब्यांच्या शेजारी. ऐकायचं झालं की माणसं मारुतीरावच्या बाकावर येऊन बसतात. आदर्श याला बाजार म्हणतो. मी म्हणत नाही, पण भांडतही नाही.

त्या दिवशी पहिली डिस्क नागुबाईनं घेतली. पदराच्या टोकात बांधली, गाठ दोनदा ओढून बघितली. आदर्शनं तोंड उघडलं होतं, यंत्र कुठाय म्हणून विचारणार होता. मारुतीरावनं त्याचा दंड धरला आणि शटर वर केलं.